सरळ रेषेतलं अंतर

खोतबाईंच्या काउंटरवरून औषध घेऊन लगेच निघून जाता येत नसे. औषधाची पिशवी काउंटरवर असे आणि पिशवीवर त्यांचा हात. "सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर," एवढं सांगून झालं की त्या चष्म्यावरून समोरच्याकडे बघत आणि म्हणत, "परत सांग." गिऱ्हाइकानं सगळं म्हणून दाखवल्याशिवाय हात उचलला जात नसे. पठाण ड्रायव्हर असला तर "फिर बोलो", फिलिपिनो नर्स असली तर "से अगेन". माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिला तापाचं औषध आणायला आम्ही तिघं गेलो होतो. तिलाही सुटका नव्हती.

"बट आंटी, मम्मा नोज इट," ती म्हणाली.

"मम्माला ताप नाहीये. तुला आहे. तू सांग."

तिनं इंग्रजीत सांगितलं. हात उचलला गेला.

प्रमिला खोत राजापूरकडच्या. मुंबईत एका इस्पितळाच्या औषध विभागात काही वर्षं काढून त्या रास अल खैमाला आल्या, त्या नवरा गेल्यावर. मुलाचं शिक्षण इथल्या पगारावर झालं आणि तो कॅनडाला गेला. आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. मी एका इंग्रजी दैनिकाचा उत्तरेकडच्या अमिरातींमधला वार्ताहर होतो, त्यामुळे त्या मला नावानं हाक न मारता 'पत्रकार' म्हणत. बुटक्या, सडसडीत, पांढरा कोट, पायात कॅनव्हासचे बूट. कोटाच्या खिशात बडीशेपेची डबी. ती फक्त भांडून झाल्यावर उघडायची.

त्यांची फार्मसी सिमेंट आणि सिरॅमिकच्या कारखान्यांच्या पट्ट्यात होती. मागे कामगारांचे कॅम्प, पुढे डोंगरातून खडी घेऊन येणाऱ्या ट्रकांचा हमरस्ता. दुकानाच्या काचेवर कायम राखाडी थर. मालक एक वृद्ध अमिराती गृहस्थ. सगळे त्यांना अरबाब म्हणत. तरुणपणी खजुराची गलबतं घेऊन ते मुंबईला जात, त्यामुळे त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा मोकळं होतं. महिन्यातून एकदा ते गुडघ्याचं औषध न्यायला येत. त्यांनाही म्हणून दाखवावं लागे.

"मादाम, दुकान मेरा है," ते म्हणत.

"गुडघा भी आपका है. फिर बोलो."

कॅम्पातल्या माणसांची एक खोड बाईंना मुळीच चालत नसे. किंमत ऐकली की ते पुटपुटत हिशेब करत. लांज्याचा दत्ताराम तांबे हा त्यातला पक्का. कारखान्यात पोती भरण्याच्या विभागात होता, रक्तदाबाची गोळी चालू होती.

"बारा दिरहम. म्हणजे पावणेतीनशे," तो म्हणाला. "ताई, गावाला हीच गोळी चाळीसला येते."

"गावाला जाऊन घेणार आहेस?"

"तसं नाही."

"मग रुपये मोजायचे नाहीत. रुपये मोजलेस की तू एक दिवसाआड गोळी खाणार. मला माहीत आहे तुम्हा लोकांचं. दुपारचा चहा मोजतोस का रुपयांत? नाही ना? परत सांग, गोळी कधी?"

नियमांच्या बाबतीत खोतबाई कडक होत्या. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्यांनी जे केलं त्यावरून पुष्कळांचा समज उलटा झाला. दुबईतल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले नगरकर नावाचे पुण्याचे गृहस्थ एकदा ओळखीनं त्यांच्याकडे आले. आई महिनाभर राहायला येणार होती, तिला संधिवात. पुण्यात एका वैद्यांनी भांगेचा अर्क असलेलं तेल दिलं होतं.

"मॅडम, तिकडे चिठ्ठीवर मिळतं. रीतसर आहे," नगरकर म्हणाले. "आईला फरकही पडलाय. फक्त इथं येताना..."

"आणलंय, की आणणार आहात?"

"आणणार."

"मग आणायचं नाही."

"पण औषध म्हणून? चिठ्ठी असली तरी?"

"औषध कशाला म्हणायचं ते देश ठरवतो, वैद्य नाही. विमानतळावर बॅग उघडतील ती तुमच्या आईची. तुमची नाही. सत्तरीच्या बाईला त्या खोलीत बसवून तुम्ही बाहेर कुणाला फोन लावणार? मला?"

नगरकर म्हणाले, परदेशात आता याची सर्रास दुकानं निघालीत, इथले कायदे जुने आहेत. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी एका हाडांच्या डॉक्टरचा नंबर लिहून दिला, आईच्या सगळ्या गोळ्यांची नावं विचारून त्यातली एक इथं आणायची असेल तर आधी परवानगी काढावी लागेल हे सांगितलं आणि ती कशी काढायची हेही. निघताना म्हणाल्या, "परत सांगा." नगरकरांनी, टाय लावलेल्या माणसानं, परत सांगितलं.

ज्या इमारतीत फार्मसी होती ती ओळ फक्त गोदामांसाठी ठेवायची असं ठरलं आणि दुकानांना जागा सोडण्याची नोटीस आली. तक्रारीला जागा नव्हती. मुदत पुरेशी होती, आणि अरबाबांचा जवळच, कॅम्पांच्या तोंडाशी, एक रिकामा गाळा होता. लांबट, अरुंद, एका बाजूला हमरस्ता आणि दुसऱ्या बाजूला कॅम्पांची गल्ली. बाईंनी तिथं कपाटांची मापंही घेतली.

नव्या जागेचा अर्ज मात्र नामंजूर झाला. दोन फार्मसींमध्ये ठराविक अंतर हवं असा त्या वेळी नियम होता. जुन्या जागेला तो लागत नव्हता, कारण ती आधीची होती. जागा बदलली की मोजणी नव्यानं. आणि दरम्यान हमरस्त्याच्या पलीकडे एक नवा मॉल उभा राहिला होता. त्यात एका मोठ्या साखळीची चकचकीत फार्मसी होती. नकाशावर पट्टी ठेवली तर ती नव्या गाळ्यापासून नियमापेक्षा थोडी जवळ येत होती.

नकाशावर जे दिसत नव्हतं ते एवढंच, की मधल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी कुंपण होतं. कॅम्पातून मॉलला चालत जायचं तर कारखान्याच्या भिंतीच्या कडेनं भुयारी रस्त्यापर्यंत जाऊन पलीकडून तेवढंच मागे यावं लागे. सावली कुठे नाही. कुंपणावरून उडी मारली तर दंड, आणि ट्रक.

ठरलेल्या मुदतीत नवी जागा मंजूर झाली नाही तर फार्मसीचा परवाना रद्द होणार होता. परवान्याबरोबर बाईंचा व्हिसाही. त्या वयात नवीन नोकरी कुणी देत नाही, हे आम्हाला कळत होतं. पण नोकरी देणारा आला. साखळीचा एरिया मॅनेजर केदार, ठाण्याचा, पस्तिशीचा, बोलायला गोड. तो आमच्या इमारतीत बाईंकडे चहाला आला. मलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. साक्षीला, असं त्या म्हणाल्या.

"काकू, सरळ सांगतो. तुमचं गिऱ्हाईक आम्हाला हवंय आणि तुम्हीही हव्या आहात. पगार आहे त्यापेक्षा जास्त. एसीत बसायचं. का उगाच भांडताय?"

"माझं गिऱ्हाईक तुझ्याकडे येईल?"

"येईलच की. जाणार कुठे?"

"पंचेचाळीस डिग्रीत, शिफ्ट संपल्यावर, सिमेंटनं भरलेल्या कपड्यांत, तुझ्या मॉलच्या दारात? सिक्युरिटीवाला आत सोडेल?"

केदार हसला. "काकू, तेवढं तर चालायलाच हवं माणसानं. डायबेटिसला चांगलं असतं."

बाईंनी त्याचा कप उचलून आत नेऊन ठेवला. अर्धा चहा शिल्लक होता. केदार गेल्यावर त्यांनी बडीशेपेची डबी उघडली.

"पत्रकार, माझा मुलगा कॅनडात जिथं राहतो तिथं गांजाचं दुकान निघतंय. औषधी गांजा. गावात सभा चालल्यात, शाळेपासून किती लांब हवं, देवळापासून किती लांब हवं. मुलगा म्हणतो, आई, भांडणं बघायला ये. मी म्हटलं, इथं पॅरासिटामॉल पॅरासिटामॉलपासून किती लांब हवं याची चाललीत, ती आधी निस्तरते. तिथंही आकाशातनं मोजतात म्हणे. जमिनीवरून कुणी मोजतच नाही. चालणाऱ्याला विचारतच नाहीत."

जुनं दुकान बंद झालं. औषधं नियमाप्रमाणे परत गेली. बाई रोज सकाळी कोट घालून रिकाम्या गाळ्यात जाऊन बसू लागल्या. विकायला काही नव्हतं, विकण्याची परवानगीही नव्हती. माणसं येत, विचारत, त्या डॉक्टरकडे जायला सांगत. अरबाबांचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं करणारा माणूस, त्यांना सांगून थकला. "मादाम, खलास. फाइल क्लोज," तो म्हणे. त्या म्हणत, "तू उघड."

कॅम्पात मग एक पद्धत पडली. खोलीतला एकच जण शुक्रवारी टॅक्सीचे पैसे वाटून घेऊन मॉलला जायचा आणि आठ जणांची औषधं आणायचा. खोके जागा खातात म्हणून खोके तिथेच टाकून द्यायचा. खोलीवर वाटप व्हायचं ते रंगावरून. पिवळी अन्सारीची, गुलाबी महादूची. पांढऱ्या दोन असायच्या. एक दत्तारामची रक्तदाबाची, एक त्याच्या वरच्या खाटेवरच्या राजस्थानी फिटरची साखरेची. एका शुक्रवारनंतर त्यांची अदलाबदल झाली. दत्ताराम उपाशीपोटी कामावर गेला आणि पोती भरण्याच्या पट्ट्याजवळ घाम फुटून कोसळला. पट्टा चालू होता. बाजूच्या माणसानं त्याला ओढलं म्हणून वाचला.

बाई त्याला इस्पितळात भेटून आल्या. मी तेव्हा जिन्यात होतो. त्यांनी सांगितलं ते एवढंच: "पोरानं गोळी अगदी वेळेवर घेतली होती. मी शिकवलेलं सगळं बरोबर केलं त्यानं. फक्त गोळी दुसऱ्याची."

दुसऱ्या दिवशी त्या परवान्याच्या कार्यालयात गेल्या आणि टोकन घेऊन बसल्या. नंबर आला की काउंटरवर जायचं, उत्तर तेच मिळायचं, मग पुन्हा टोकन. आवाज चढवला नाही, तिथं ते चालतही नाही. मागणी एकच होती: तपासणीला कुणीतरी यावं आणि चालावं. कितव्या दिवशी ते कंटाळले मला माहीत नाही. पण एक तपासनीस आली. मरियम नावाची तरुण अमिराती मुलगी, काळा अबाया, हातात टॅबलेट. मी बातमीच्या निमित्तानं हजर होतो. ती गाडीतून उतरली आणि म्हणाली, मॉलकडे गाडीनं जाऊ.

"गाडी इथंच राहू दे," खोतबाई इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या गिऱ्हाइकाकडे गाडी नाही."

त्या दोघी निघाल्या, मागे मी. दुपारची वेळ, उन्हाळा. बाईंनी छत्री आणली होती. उघडून मरियमच्या डोक्यावर धरली, स्वतः बाहेर राहिल्या. ट्रक गेला की दोघी थांबून तोंड झाकत. भुयारी रस्त्यापाशी पोचेपर्यंत अबायाचा खालचा काठ राखाडी झाला होता. मरियम सावलीत भिंतीला टेकली आणि पाणी प्यायली. पुढे जायचं का, असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, गरज नाही, मला कळलं.

मग तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. "आंटी, मी हे सगळं लिहीन. पण नियम चालण्याचा नाही. मी बदलू शकत नाही. अंतर सरळ रेषेत मोजतात, एका मुख्य दारापासून दुसऱ्या मुख्य दारापर्यंत."

"से अगेन," खोतबाई म्हणाल्या.

सवयीनं म्हणाल्या असतील. समोरच्याला सांगितलेलं कळलं की नाही हे बघायची त्यांची ती रीत, इथं उलटी लागू पडली. मरियमला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. तिनं सावकाश परत सांगितलं. "एका मुख्य दारापासून. दुसऱ्या मुख्य दारापर्यंत."

खोतबाईंनी छत्री मिटली. "दुकानापासून नाही?"

"नाही. दारापासून."

गाळ्यात परत आल्यावर खोतबाई हमरस्त्याकडच्या दाराशी पाठ लावून उभ्या राहिल्या आणि मागच्या भिंतीपर्यंत चालत गेल्या. गाळा लांबट होता हे आधी सांगितलंच आहे.

अरबाबांना पटवायला वेळ लागला. त्यांच्या दिवाणखान्यातलं संभाषण मंदूबानं नंतर पुष्कळांना नक्कल करून दाखवलं.

"मादाम, सत्तर साल का हो गया मैं. ऐसा दुकान नहीं देखा. रस्ते को पीठ दिखाता है?"

"रस्ते पे मेरा कस्टमर नहीं है, अरबाब."

"गाडीवाला लोग?"

"गाडीवाला मॉल जाएगा. उसके पास गाडी है."

"लोग हँसेगा."

"हँसने दो. आप का गुडघा मैं देखेगी."

अरबाब हसले आणि गवंड्याला फोन केला. हमरस्त्याकडचं शटर काढून तिथं भिंत बांधली. गल्लीच्या बाजूला काचेचं मुख्य दार झालं, वर हिरवा फलक. नवा नकाशा दाखल झाला, मोजणीला तीच मरियम आली. आकडा नियमात बसला, जेमतेम. केदारच्या कंपनीनं हरकत घेतली, की ही पळवाट आहे. बाईंनी उत्तर लिहिलं, ते मला वाचायला दिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: नियम आम्ही ठरवलेला नाही, आम्ही तो पाळला आहे. हरकत फेटाळली गेली.

दुकान उघडलं त्या संध्याकाळी दत्ताराम पहिला आला. गोळ्यांचं खोकं हातात घेऊन त्यानं विचारायच्या आधीच सगळं म्हणून दाखवलं, आणि वर, "माझीच. खोक्यासकट," असंही.

"किती झाले?" बाईंनी विचारलं.

"बारा."

"म्हणजे?"

"म्हणजे बारा," दत्ताराम म्हणाला.

पुढे काही वर्षं ते दुकान तसंच चाललं. हमरस्त्यावरून जाणाऱ्याला तिथं फार्मसी आहे हे कळत नसे, आणि शिफ्ट सुटली की गल्लीत रांग असे. मग अंतराची ती अट सैल झाल्याचं कळलं. अरबाब तोवर वारले होते. कारभार मुलाकडे, सैफकडे होता. तो परदेशात शिकलेला, हुशार, वागायला सौजन्यशील. त्याला दार पुन्हा हमरस्त्याकडे हवं होतं आणि गल्लीकडची बाजू साठवणीसाठी. बाईंचंही निवृत्त व्हायचं ठरलं होतं. त्याला वाटलं आता अडचण नाही.

शेवटच्या आठवड्यात तो कंत्राटदाराला घेऊन आला. मी पोटाचं औषध न्यायला गेलो होतो. कंत्राटदारानं हमरस्त्याकडच्या भिंतीवर खडूनं चौकट आखायला घेतली आणि थांबला. तिथं एक लोखंडी कपाट होतं, भिंतीत आणि जमिनीत बोल्ट मारून पक्कं केलेलं. नियंत्रित औषधांचं, दोन कुलपांचं. नेमकं जिथं दार व्हायला हवं तिथं.

"हे हलवावं लागेल," सैफ इंग्रजीत म्हणाला.

"हलवा," खोतबाई म्हणाल्या. "पण त्याची जागा मंजूर नकाशात आहे. हलवायचं तर नवा नकाशा. नवा नकाशा म्हणजे तपासणी. तपासणीला माणसं संध्याकाळी आली तर बरं. गल्लीत रांग असते, त्यांनाही विचारता येईल, दार कुठे हवं ते."

सैफनं वाकून कपाटाचे बोल्ट चाचपले. "मादाम, हे इथं कधी बसवलंत?"

"तुमच्या वडिलांसमोर. पहिल्याच दिवशी."

"इथंच का बसवलंत, ते त्यांना माहीत होतं?"

"त्यांनीच ड्रिल आणून दिलं."

सैफनं कंत्राटदाराला अरबीत काहीतरी सांगितलं. कंत्राटदारानं बाहीनं खडू पुसला. बाईंनी खिशातून डबी काढली, आधी सैफपुढे धरली. त्यानं चिमूटभर बडीशेप घेतली.

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. दुबईला जाताना तो हमरस्ता लागतोच. डावीकडे मॉल, उजवीकडे कॅम्पांची ओळ आणि तिच्या तोंडाशी ती आंधळी भिंत, धुळीनं राखाडी झालेली. मी गाडी हळू केली आणि म्हटलं, "बाई, तुमचं दुकान."

खोतबाई पासपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होत्या. मान वळवली नाही.

"इकडून काय बघायचं," त्या म्हणाल्या. "दार पलीकडे आहे."